सतीशच्या हॉटेलातलं गलबत

चांगदेव आबा भर दुपारी हॉटेलाकडं निघाला, तो नातीचा डबा घेऊन. समृद्धी तिथं सतीशच्या हाताखाली कामाला. डबा रोज विसरते आन् आबा तो मुद्दाम उशिरा पोचवतो, कारण भुकेनं चिडलेली नात त्याला फार गोड दिसते. असला हा म्हातारा. शाळेनं त्याला चौथीत सोडलं, खोड्यांनी अजून सोडलेलं नाही.

हॉटेल वरवंडच्या अलीकडं, हायवेला लागून. सतीशनं उसाचं रान मोडून तिथं काय उभं करावं? गलबत! खरंखुरं, शिडाचं, कोकणातल्या खाडीच्या चिखलात कुजत पडलेलं. ट्रेलरवर घालून घाट चढवला आन् खड्डा खणून निम्मं जमिनीत बसवलं. वर टेबलं, काउंटर. खाली पोटात अंधार. लोक सेल्फी काढायचे आन् विचारायचे, "ह्या जहाजाचा इतिहास काय?" सतीशला तो माहीत नव्हता, विकणाऱ्यालाही नव्हता. मग ते काम आबाकडं आलं.

आबानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळं त्याला काहीच अडचण आली नाही. कौलं, मीठ, खजूर, सगळा माल त्यानं त्या पोटात भरला. मग एक वादळ घातलं. खलाशी बुडाले, एकटा तांडेल, म्हणजे जहाजाचा म्होरक्या, उरला.

"तवापासनं त्यो माणसं गोळा करतोय," आबा आवाज बारीक करून सांगायचा. "नाव घिऊन हाक मारतो. ज्यानं ओ दिली, त्यो जहाजावर भरती."

एवढं सांगून लघवीच्या निमित्तानं उठायचा, खाली पोटात शिरायचा आन् फटीला तोंड लावून गिऱ्हाइकांची नावं घोगऱ्या आवाजात पुकारायचा. नावं वेटर पुरवायचे. बायका किंचाळायच्या, पोरं "ओ! ओ!" करत नाचायची, चिकन थाळ्या खपायच्या.

त्या दुपारी लाइट गेली होती. गिऱ्हाईक एक नाही. डबा काउंटरवर ठेवून आबा सतीशशेजारी बशीतला चहा फुरकत बसला. समृद्धी पाठमोरी काहीतरी आवरत होती.

खालनं हाक आली.

"समृद्धीऽऽ..."

घोगरी. थेट आबाची. आन् आबाच्या तोंडात तर चहा होता.

"ओ, आबा!" मागं न बघता समृद्धी म्हणाली आन् शिडी उतरून गेली.

सतीश खिदळला. "तोंड न हलवता? हे कवा शिकला, आबा?"

आबाच्या हातनं बशी पडली. गुडघ्यांची कुरकुर न ऐकता तो धडपडत खाली उतरला.

खाली वास येत होता खारट, ओला, मेलेल्या माशांचा. फळ्या कण्हत होत्या. भोवती सगळी मुरमाची भरणी, आन् तरी फळ्यांवर बाहेरनं पाणी आपटत होतं... थप... थप... समृद्धी फळीला कान लावून उभी होती.

"आबा, तुम्ही भाईर कवा गेला?" ती हळूच म्हणाली. "किती लांबनं बोलताय..."

"समे, मी हितं हाय. मागं... मागं बघ."

हाताला धरून त्यानं तिला वर ओढली. उन्हात आल्यावर ती हसायलाच लागली. "भारी ॲक्टिंग करता हां आबा! घाबरले की मी."

"सतीश, जाळ हे. आजच जाळ. पोरीची आण घिऊन सांगतो, मी न्हवतो त्यो."

"व्हय का?" सतीशनं टाळीसाठी हात पुढं केला. "हेच तोंड रविवारी करा, आबा. बसायला जागा मिळायची न्हाई."

जन्मभर गावाला बनवलं ना म्हाताऱ्यानं? आता भोगा. खरं बोलायची वेळ आली, तर लोक दाद देत होते.

घरी समृद्धी अगदी नेहमीसारखी. जेवली, मोबाइलवर हसली, आबाशी भांडली. पण आबाचं बूड कुठं टेकेना. ओट्यावरनं अंगणात, अंगणातनं ओट्यावर. शेवटी दिवेलागणीला ती उंबऱ्यात मेथी निवडत बसली, तेव्हा त्याला राहवलं नाही. तो तिच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर उभा राहिला.

"समृद्धी..."

ती मेथी निवडत राहिली. ओठ मिटलेले.

"ओ, आबा!"

आवाज तिचाच. पण आला तो हायवेच्या बाजूनं, उसावरनं, बारीक होत होत, कुठं तरी दूर निघाल्यासारखा.

उंबऱ्यातल्या पोरीनं मान वर केली.

"आबा," ती म्हणाली, "कुणाला हाक मारताय?"