पाठीला माती

१९५७ साली पिंपरीच्या एका कारखान्याने कामगारांसाठी बाग केली. बाग म्हणजे नुसती चार झाडं नव्हेत. घसरगुंडी, झोपाळे, खो-खोचं मैदान, कॅरमची खोली, आणि कोपऱ्यात पत्र्याच्या छपराखाली कुस्तीचा आखाडा. आठ तास यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला संध्याकाळी जावंसं वाटेल अशी एक तरी जागा हवी, ही भुणभुण कामगार कल्याण अधिकारी फारूकसाहेबांनी वर्षभर वरिष्ठांच्या कानाशी लावली होती. आखाड्याला वस्ताद म्हणून त्यांनी हिंदुरावला नेमलं.

हिंदुराव पुनावळ्याचा. आठ वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत त्याने ज्योतीरामला चीत करून फेटा बांधून घेतला होता, आणि त्या एका फेट्यावर स्वारी आजवर मिशीला पीळ देत आली होती. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. त्या दिवशी आधी हिंदुरावचीच पाठ मातीला लागली होती. धुरळा उडालेला, पंच हलगीवाल्याशी बोलण्यात गुंग. हिंदुराव उसळून वर आला आणि त्याने ज्योतीरामला खाली घातलं. "ह्याची पाठ लागली व्हती आदी," ज्योतीराम ओरडला, तर लोकांनी त्याचीच हुर्यो उडवली. हिंदुराव गप्प राहिला. ज्योतीरामने पुन्हा लंगोट बांधला नाही. आता तो याच कारखान्यात पेट्या भरायच्या खात्यात होता. तो समोरून आला की हिंदुराव रस्ता बदलायचा, कारण त्याला लाज वाटायची.

उद्घाटनाला आठवडा राहिला तेव्हा हिंदुरावने आखाड्याच्या हौदातली तांबडी माती ताक, हळद, तेल आणि लिंबू घालून मळली, दाताळ्याने रेघा ओढून सारखी केली आणि बागेच्या फाटकाला कुलूप लावलं. सकाळी आला तर मधोमध उताणं पडल्याचा ठसा. दोन खांदे, कण्याची पन्हळ, कंबर. हौदात उतरल्याची पावलं नव्हती, बाहेर पडल्याचीही नव्हती. त्याने ठसा पुसला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होता. तिसऱ्या दिवशी माळी सोपानराव आधी पोचला होता.

"वस्ताद, हितं कोन लोळतंय वो?"

"कुत्रं आसंल."

"कुत्र्याची पाठ एवडी?" सोपानराव हसला, पण पाण्याची झारी उचलून लगेच निघूनही गेला.

हिंदुराव खाली बसला. ठशात उजव्या खांद्याखाली मातीचा बोराएवढा उंचवटा होता. त्याचा हात आपोआप पाठीमागे गेला. लहानपणी करट पिकून तिथे खड्डा पडला होता, तो बोटाला लागला. पाठ त्याचीच होती.

चौथ्या दिवशी तो पेट्यांच्या खात्यापर्यंत गेला. ज्योतीराम खिळे ठोकत होता. दारातूनच हिंदुराव माघारी फिरला, आणि स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

उद्घाटन रविवारी सकाळी होतं. त्या दिवशीचा ठसा वीतभर खोल होता. तो बुजवून त्याने दाताळं फिरवलं.

कामगार आणि त्यांची बायकापोरं झाडून सगळी आली. फारूकसाहेब कौतुकाने म्हणाले, "आमच्या वस्तादांच्या पाठीला आजवर माती लागलेली नाही! काय ज्योतीराम, तुम्ही लढलात ना यांच्याशी? दोन शब्द बोला."

ज्योतीराम उठला. "म्या काय सांगू, साहेब? त्यास्नीच इचारा."

सगळ्या माना वळल्या. ज्योतीरामच्या नजरेत राग नव्हता. तो नुसता वाट बघत होता. एक वाक्य बोललं असतं तरी आठ वर्षांचं ओझं उतरलं असतं. पण समोर हिंदुरावची बायको कौशल्याबाई नवं लुगडं नेसून ताठ मानेने बसली होती.

"खरं हाय," हिंदुराव म्हणाला. "न्हाई लागली."

टाळ्या पडल्या. ज्योतीराम खाली बसला. हिंदुरावला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"उतरा, वस्ताद!" फारूकसाहेब म्हणाले.

तो अनवाणी हौदात उतरला. मळलेली माती सकाळी तळव्यांना गार लागते. आज काहीच लागलं नाही. मधोमध जाऊन तो वाकला, चिमूटभर माती कपाळाला लावायला.

बोटं कोरडी वर आली.

त्याने मूठ भरली. उघडली. रिकामी.

टाळ्या थांबल्या होत्या.

त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे त्याच्या मागच्या मातीकडे बघत होते. ज्योतीरामसुद्धा.

हिंदुराव वळला.

काठापासून थेट त्याच्या टाचांपर्यंत दाताळ्याच्या रेघा सरळ होत्या. एकही मोडली नव्हती.