टणटण्याला मुका कुणी केला?

गुहेत टणटण्या नव्हता! ईराने टॉर्च चहूकडे फिरवला. ज्या तीन धोंड्यांवर तो लांबोडा दगड टेकलेला असायचा, ते तेवढे उरले होते आणि भोवती पहारीचे ताजे घाव होते. तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

दसऱ्याच्या सुट्टीत ती आणि मावसभाऊ विहंग, त्याच्या आईबरोबर, म्हणजे लतामावशीबरोबर इथे आले होते. मावशी आदिमानवाचं संगीत जुळवत होती. त्यात हाडाची बासरी होती, गुहेत ठिबकणारं पाणी होतं आणि शिंगाने ठोकला की घंटेसारखा वाजणारा हा दगड होता. नव्या राज्याच्या पहिल्या वाढदिवसाला रायपुरात ते ऐकवायचं होतं. दगडावाचून सगळंच अडलं. मावशी मटकन खाली बसली. ते पाहून ईराला जास्तच राग आला.

दगड सापडला रायपुरात तेलीबांध्याला, तीन दिवसांवर आलेल्या समारंभाच्या मंडपात. संयोजक शालिग्रामकाका मावशीच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या ओळखीचे. त्यांनीच तो उचलून आणून सिमेंटच्या ओट्यात पक्का बसवला होता, वर ऑइलपेंटही फासला होता. गुहेत कोण मरायला जातं, इथे सगळे पाहतील, असं ते ऐटीत सांगत होते. तयारी पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी हातोडी मारली. टण्ण! टाळ्या पडल्या.

ईराने कान टवकारले. प्रत्येक टण्णमागे टप टप पाणी ठिबकत होतं. या कोरड्या मैदानात पाणी कुठलं?

"विहंग, ही तर मावशीची कॅसेट हाये," ती कुजबुजली. गुहेतला टणटण्याचा आवाज टेप केलेली ती कॅसेट ऐकायला म्हणून काकांनीच मागून नेली होती. विहंग पडद्यामागे घुसला. तिथे टेप चालू होता आणि त्याच्याच ठेक्यावर काका हातोडी मारत होते. त्याने वायर उपटली.

हातोडी पडली. थड्!

"काहून मुका केला त्याले?" ईरा भर मंडपात ओरडली. "तो नुसता धोंड्यांच्या टोकांवर टेकला होता म्हणून वाजत होता. तुम्ही त्याले सिमेंटात गाडलं, अन् वरून मावशीची कॅसेट वाजवून राहिले!"

पोट्ट्यांची मस्ती म्हणून काका हसण्यावारी नेऊ लागले. पण पाहुण्यांतल्या मोठ्या साहेबांनी स्वतः हातोडी मारून पाहिली. थड्. त्यांनी काकांना सगळ्यांदेखत झापलं आणि लगेच सिमेंट फोडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी टणटण्या परत आपल्या धोंड्यांवर बसला. रंग खरवडताना मुलांची बोटं सोलली. विहंगने शिंग मारलं. तो वाजला! पण पहारीने जिथे कड तुटली होती तिथे आवाज फाटका येत होता. पोरीचे कान भारी तिखट, म्हणत सोबत आलेल्या साहेबांनी ईराची पाठ थोपटली. तिचा राग काही उतरला नाही.

"मंग हा फाटका आवाजच टेप करून समारंभात पयले ऐकवू," मावशी म्हणाली. "लोकायले कळू दे."

"अन् काकायले समोरच्या रांगेत बसवा," ईरा म्हणाली.