दोघं आत, एक बाहेर

खरं सांगतेय. यात तिखटमीठ लावलेलं काही नाही.

माझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत हे घडलं. मावशीला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेली की तिचे कान लाल होतात आणि घरातले सगळे हसायला लागतात. हे सांगताना तिचे कान लाल झाले नव्हते.

आणि रात्र नव्हती हो. वसंतातली सकाळ होती. शहराच्या कडेला पंपघरामागे जे दलदलीचं तळं आहे, तिथली. झाडांना नवी पालवी आलेली, पक्ष्यांचा नुसता कलकलाट.

मावशीचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ. दिवसभर लोकांना 'हनुवटी जरा वर, हसू नका' असं सांगायचं. जीव मात्र पक्ष्यांत. शेजारचं चष्म्याचं दुकान तिच्या मित्राचं. उंच, काटकुळा, एका जागी तासन्‌तास उभा राहणारा, म्हणून सगळे त्याला बगळ्या म्हणायचे. मावशीला पक्ष्यांचे फोटो काढायला त्यानंच शिकवलं. लग्न दोघांनीही केलं नाही, ना एकमेकांशी ना आणखी कुणाशी. पण आमच्याकडे जेवायला बसलो की त्याचं ताट न विचारता वाढलं जायचं.

त्या वर्षी दोघांना तळ्यावर तुरेवाल्या टिबुकलीचं घरटं सापडलं. बदकाएवढा पाणपक्षी, डोक्यावर काळा तुरा. या तळ्यावर त्यानं पूर्वी कधीच घरटं केलं नव्हतं. लव्हाळ्यांत अडकवलेला ओल्या गवताचा तरंगता ढीग आणि त्यावर अंडी. मादी उठून जाताना अंड्यांवर गवत ओढायची, परत आली की बाजूला सारायची. मावशी हे बघून हरखून गेली होती.

दोघांनी ठरवलं, पिल्लं बाहेर पडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. अशा जागेची बातमी फुटली की फोटोवाल्यांची झुंबड उडते. आड येणारी लव्हाळी छाटतात आणि घरटं उघड्यावर पडतं.

पण बगळ्याच्या तोंडात तीळ भिजेना. शहरातल्या फोटोवाल्यांचा एक मोठा गट होता. त्यांनी आपल्याला मानावं, अशी त्याची फार इच्छा.

"एवढं एक दाखवलं ना, तर डोक्यावर घेतील मला," तो म्हणायचा.

"पिल्लं निघू देत. मग गावभर दवंडी पीट."

"तू हो म्हटलंस तरच सांगेन. तुझा शब्द मोडणार नाही मी."

मावशीचा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास होता.

आता त्यांची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घरट्यासमोर त्यांनी लपून बसायला हिरव्या कापडाचं तंबूसारखं लपण उभारलं होतं. एकटं माणूस त्यात शिरलं तर पक्षी विसरत नाहीत, दूरच घुटमळत राहतात. पण दोघं आत गेले आणि एक बाहेर पडला, की त्यांना वाटतं लपण रिकामं झालं. पक्ष्यांना मोजता येत नाही ना. म्हणून बगळ्या रोज मावशीला सोडायला आत जायचा आणि एकटा बाहेर पडून दुकान उघडायला जायचा. नंतर तो न्यायला आला की मगच तिनं बाहेर यायचं. मध्येच लपणातून माणूस उगवलं तर मादी बिथरून अंडी सोडून जायची भीती.

त्या सकाळीही दोघं आत गेले. बगळ्यानं पुन्हा विषय काढला.

"शेवटचं सांगते, नाही," मावशी म्हणाली.

तो वाकून बाहेर पडला. चेन ओढल्याचा आवाज आला. पावलं चिखलातून लांब गेली.

एरवी मादी बराच वेळ घुटमळायची. त्या दिवशी...

लगेच आली.

सरळ घरट्यावर चढली, गवत सारलं आणि निवांत बसली. मावशी खूश. घाईत तिच्या हातून लेन्सचं झाकण पडलं. खट्ट आवाज झाला.

मादीनं मान वर केली नाही.

मावशीला ठसका लागला. दाबता येईना, चांगली मोठ्यानं खोकली. एवढ्यावर तळ्यातले सगळे पक्षी उडायला हवे होते.

एकही हलला नाही...

लपणात कुणीच नसल्यासारखे सगळे वागत होते. मावशीनं उगीचच स्वतःचं मनगट दाबून बघितलं. मग बाजूच्या फटीतून बाहेर नजर टाकली.

बांधावरून बगळ्या चालला होता.

त्याच्याबरोबर कुणीतरी होतं...

एक बाई. बगळ्या मान वाकवून तिच्याशी बोलत होता. मावशीला आधी हसूच आलं, सकाळी सकाळी याला कोण भेटली म्हणून. मग तिनं नीट बघितलं. तेच खाकी जाकीट. तसाच घट्ट बांधलेला अंबाडा. कॅमेऱ्याच्या पिशवीनं एका बाजूला झुकलेला खांदा...

ती मावशीच होती.

लपणातल्या मावशीनं सवयीनं बटण दाबलं, फोटो निघाला. मग तिनं बगळ्याला फोन लावला.

त्यानं खिशातून फोन काढलेला तिला दिसला. त्यानं आधी फोनकडे बघितलं. मग शेजारच्या बाईकडे बघितलं. बराच वेळ.

आणि फोन खिशात ठेवून दिला.

बाईनं मान हलवली. होकाराची.

दोघं चालत वळणाआड गेले.

मावशी धावत सुटली असती. पण समोर मादी अंड्यांवर बसलेली होती, आणि ती उठली तर गारठ्यात अंडी जायची. म्हणून मावशी बसून राहिली. तो न्यायला येईल म्हणून वाट बघितली. ऊन डोक्यावर आलं, पण तो आला नाही. त्याचा फोन बंद. शेवटी नर आला, मादी पाण्यात उतरली, तेवढ्यात मावशी बाहेर पडली. बगळ्याच्या दुकानाला कुलूप होतं.

घरी आली तर सगळं जिथल्या तिथे. रात्रभर तिनं स्वतःची समजूत काढली. झोप नाही, उपाशीपोटी काहीतरी भास झाला असेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती तळ्यावर गेली.

बांधावर गाड्याच गाड्या. पाण्यात गुडघाभर शिरलेली माणसं. लव्हाळी साफ छाटलेली. घरट्याचा ढीग मोकळा होऊन मधोमध तरंगत होता आणि त्यावर कावळे बसले होते. मादी लांबून हाका मारत होती. मावशी म्हणते, तो आवाज अजून तिच्या कानातून जात नाही.

गर्दीच्या मधोमध बगळ्या उभा होता. मावशीनं त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"केसानं गळा कापलास रे माझा."

"तूच हो म्हणालीस. काल, परत जाताना," तो म्हणाला. पण तिच्याकडे न बघता.

मावशीनं कॅमेऱ्यातला फोटो त्याच्यासमोर धरला. बांध, बगळ्या आणि शेजारी पाठमोरी ती.

"मी लपणात होते. मग ही कोण?"

तिला वाटलं होतं, तो हादरेल, फोटो मोठा करून बघेल. त्यानं नुसती मान खाली घातली.

"तुला माहीत होतं..."

"फोन आला तेव्हा कळलं. शेजारी तू, आणि फोनवर नावही तुझंच."

"आणि तू फोन ठेवून दिलास?"

"ती हो म्हणाली गं," बगळ्या म्हणाला. "इतके दिवस विचारत होतो. ती पहिल्या शब्दाला हो म्हणाली."

मावशीनं कॅमेरा बंद केला. मग तिनं विचारलं, "ती गेली कुठे?"

"तुझ्या घरी सोडलं."

"कुलूप होतं घराला."

"तिच्याकडे किल्ली होती," तो म्हणाला.

मावशी त्या घरात पुन्हा झोपली नाही. तेव्हापासून आमच्याकडे राहते. स्टुडिओत जाते, पण बगळ्याशी बोलत नाही. तो माफी मागायला एकदा आला होता. दार आईनं उघडलं. मावशीनं आतूनच विचारलं, "माझ्या दारात काय नेऊन सोडतोयस, याची तुला काळजी वाटली नाही?" तो आल्या पावली परत गेला. ती त्या दिवशी खूप रडली. म्हणाली, "ते जे काय होतं, त्याचं मला काही नाही. पण हा तर माझा माणूस होता."

तळ्यावर ती पुन्हा गेली नाही. पक्ष्यांचे फोटो काढायचा कॅमेरा कपाटात आहे.

मला वाटलं होतं, इथे संपलं.

गेल्या महिन्यात मी स्टुडिओत तिच्याजवळ बसले होते. पंपघरावर काम करणारे काका फोटो काढायला आले. मावशीला आणि बगळ्याला वर्षानुवर्षं ओळखणारे, सरळ मनाचे. खुर्चीत बसता बसता मावशीला म्हणाले, "मिटलं वाटतं तुमचं भांडण? बरं झालं. रोज सकाळी बघतो की तुम्हा दोघांना बांधावर. बोलत बोलत जाता."

मावशीनं स्टुडिओतला कॅमेरा त्यांच्याकडे वळवला.

"हनुवटी जरा वर, काका," ती म्हणाली.