उलट्या पिळाची दोरी

भुपेंद्र, तू आणि तुझे हे दोस्त दिवाळीत गाडी घेऊन समुद्राच्या कडेकडेने फिरणार म्हणता. फिरा. मी अडवत नाही. पण आधी बसा. मी बोलत असताना मोबाइल पाहायचा नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. मला सजवून सांगता येत नाही. झालं तसं सांगतो.

गोष्ट तेजरामची आहे. आता तो तुमसरला बहिणीकडे राहतो. खोटं वाटलं तर जाऊन विचारा. तीस वर्षं त्याने आपल्या अड्याळच्या तलावाचं तुडूम सांभाळलं. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार. पाणी कधी, किती सोडायचं, ते त्याच्याकडून शिकावं. आणि भूतबीत तो मानत नाही. विहारात जाणारा, वाचणारा माणूस. पोळ्याला रोगराई घालवायला आपण मारबतीचा पुतळा काढतो, त्यालाही हसतो.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात त्याचा मुलगा अश्विन म्हणाला, बाबा, कोकणात जाऊ. तेजराम, अश्विन, सून भावना आणि पाच वर्षांची नात गुड्डी. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि एक फोटो त्याच्या हातात ठेवला. माझ्या धाकट्या भावाचा. घनश्यामचा.

तू तेव्हा लहान होतास, भुपेंद्र, तुला तो आठवत नसेल. दोन हजार बारा साली माझ्याशी भांडून गेला. कोकणात मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. एका बंदराचं नाव सांगून त्याने दोनदा फोन केला. मग फोन बंद. मी पत्रं लिहून घेतली, पोलिसांत गेलो. सगळीकडे एकच उत्तर. पाहू. पंचफुला, त्याची बायको, तेव्हापासून तो जुना बटणांचा मोबाइल चालू ठेवून आहे. नंबर बदलू देत नाही. कुंकू लावते, पण आरशात पाहत नाही. लावावं की पुसावं, हे तिला तेरा वर्षांत कोणी सांगितलं नाही.

मी तेजरामला म्हणालो, "त्या बंदरावर जाजो. जास्त काही विचारू नोको. एवढंच विचारजो... हाये का गेला."

तेजराम म्हणाला, "कवडूभाऊ, विचारल्याबिगर परत नाही येत."

पुढचं सगळं त्याने मला याच ओसरीवर सांगितलं.

समुद्र लागला आणि अश्विनचं सुरू झालं. सरळ रस्त्याने जायचंच नाही. मोबाइलमध्ये पाहायचं आणि गाडी आत वळवायची. कोणाला माहीत नसलेली जागा पाहिजे. एक धबधबा गाठला. मे महिना. धबधब्यात बकऱ्या बसल्या होत्या. एक किल्ला गाठला. दाराला कुलूप. एक रस्ता तर कोणाच्या आंब्याच्या बागेत जाऊन संपला आणि मालक काठी घेऊन आला.

तेजराम रोज विचारायचा, "घनश्यामचं बंदर कधी?"

"उद्या, बाबा."

"काल बी उद्याच म्हणत होतास."

"बाबा, फिरायले आलो ना आपण?"

"तू फिरायले आला. मी कामानं आलो."

भावना मध्ये पडली. "आधी बाबांचं काम करून टाका. बकऱ्या तर आपल्या गावात बी होत्या."

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, चैत्राच्या अवसेला, ते त्या बंदरावर पोचले. संध्याकाळचे सहा वाजले होते. ऑफिस बंद. बोटी बांधलेल्या. जाळं शिवत बसलेला एक म्हातारा होता. त्याने फोटो लांब धरून पाहिला.

"खलाशी येतात नि जातात," तो म्हणाला. "कोण लक्षात ठेवील, बाबा? तो होता ती बोट पण आता नाही."

"बोट कुठं गेली?"

म्हाताऱ्याने समुद्राकडे पाहिलं. पुन्हा जाळं शिवू लागला.

तीन दिवस वाट पाहून मिळालं ते एवढं. तेजराम गाडीत येऊन बसला.  राहायची जागा आणखी पुढे होती. पण वाटेत अश्विनला पुन्हा एक किनारा सापडला. लाल मातीची उतरती वाट, खाली रिकामी वाळू, माणूस नाही. सात वाजले होते. समुद्र इतका लांब होता की नुसता आवाज येत होता. वाळू रस्त्यासारखी घट्ट. अश्विनने गाडी सरळ आत नेली, पार मधोमध.

त्याने एकदा विचारलं, "बाबा, इथं पाणी येईल का? तलावाचे साहेब तुम्हीच."

तेजराम रागात होता. म्हणाला, "पाऊस नाही, कालवा सोडला नाही. पाणी येईन कुठून?"

हसू नका. तुम्हाला माहीत असेल. शाळेत शिकवतात. पण आपण तलावाची माणसं. आपलं पाणी बांधलेलं असतं. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आत जिथे संध्याकाळी पाहिलं तिथेच सकाळी दिसतं. समुद्र दिवसातून दोनदा चालत येतो हे तेजरामने ऐकलं होतं. त्या घटकेला डोक्यात आलं नाही. अवसेला तो जास्त चढतो, हे तर ऐकलंही नव्हतं.

साडेसातला निघायचं म्हणून गाडी सुरू केली, तर मागची चाकं रुतली. अश्विनने खूप जोर केला. चाकं आणखी खाली गेली. मोबाइलला रेंज नाही. दोघं नवराबायको भांडले, मग दोघंही वरच्या वस्तीत ट्रॅक्टर पाहायला गेले. गुड्डी मागच्या सीटवर झोपली होती. तेजराम पुढे बसला. हातात फोटो.

त्याचा डोळा लागला.

किती वेळ, माहीत नाही. काचेवर टकटक झाली. दोनदा. मग बाहेरून कोणीतरी बोललं.

"उठ गा, तेजराम."

त्याला वाटलं आपण घरी आहोत. तो म्हणाला, "काहून?"

"पाणी चढून राहिलं."

मग त्याला जाग आली. पाय ओले होते. गाडीच्या आत पाणी होतं. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अवसेची रात्र. बाहेर काही दिसत नव्हतं.

कोकणातल्या त्या किनाऱ्यावर... आपल्या बोलीत... कोण बोललं?

तेव्हा त्याने विचार केला नाही. दार ढकललं. उघडेना. खांदा लावला, तेव्हा उघडलं. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. मागचं दार उघडलं, गुड्डीला उचलून खांद्यावर घेतलं. पोर रडली नाही.

आता जायचं कुठे? लाट डावीकडून येत होती. उजवीकडूनही येत होती. मागे खाडीचा फाटा होता, तो त्याने उजेडात नीट पाहिलाच नव्हता. तो एकीकडे निघाला. चार पावलांत पाणी छातीला लागलं.

"तिकडं नोको."

आवाज अगदी जवळ होता.

"इकडं ये. धर."

त्याच्या मुठीत दोरी आली. कोणी दिली, दिसलं नाही. दोरी ताणली गेली. तो दोरीच्या मागे मागे चालला. पुढे कोणी चालत होतं. पाण्याचा आवाज यायला हवा होता... पुढच्या पायांचा. तो येत नव्हता.

पाणी कमरेला आलं.

गुडघ्याला.

मग कोरडी वाळू.

तेजराम म्हणाला, "घनश्याम?"

...

"घनश्याम, तू होय का?"

दोरी सैल झाली.

वरून टॉर्चचा उजेड आला. अश्विन आणि गावची तीन माणसं ट्रॅक्टर घेऊन आले. भावना धावत आली आणि तिने पोरीला ओढून घेतलं. गाडीच्या काचा बुडाल्या होत्या. एकजण म्हणाला, "म्हाताऱ्या, काळोखात तू खाडीच्या या अंगाला कसा आलास? मध्ये खोल चर आहे."

"एक माणूस होता संगं," तेजराम म्हणाला.

त्यांनी टॉर्च फिरवला. लांबपर्यंत. वाळूवर एकाच माणसाची पावलं होती. तेजरामची.

दोरीचं एक टोक तेजरामच्या मुठीत होतं. दुसरं टोक गुड्डीच्या कमरेला बांधलेलं होतं. कोणी बांधलं? भावनाने विचारलं. गुड्डी एवढंच म्हणाली, "काकाचे हात थंड होते."

त्यानंतर चौथ्या दिवशी तेजराम घरी आला. आधी माझ्याकडे आला. फोटो परत दिला. भिजून चेहरा गेला होता. मग पिशवीतून दोरी काढून माझ्यासमोर ठेवली.

तणसाची, म्हणजे धानाच्या काडाची, दोरी. धानाच्या पेंड्या बांधायला आपण पिळतो, तशी. तुम्ही म्हणाल, कोकणातही धान होतो. होतो. पण आपण उजव्या हाताने पिळतो. ही उलटी पिळलेली होती. अड्याळमध्ये अशी दोरी एकच माणूस पिळायचा. घनश्याम डावखुरा होता. कापणीच्या वेळी बाया त्याला चिडवायच्या, की याची पेंडी ओळखायला नाव घालायची गरज नाही.

मला राग आला. आजही येतो. मी तेजरामला म्हणालो, "भेटला ना तुले? बोलला ना? मंग विचारलं काहून नाही? एकच गोष्ट विचारायले सांगितली होती मी!"

तेजराम खाली पाहत होता. "पोरगी होती खांद्यावर, कवडूभाऊ."

"म्हणजे मी काय समजू? हाये का गेला?"

  त्याची नात वाचली होती. माझं उत्तर राहून गेलं.

पंचफुला दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. आत आली. दोरी उचलली. पिळावर बोट फिरवलं. मग नाकाजवळ धरली. खूप वेळ धरली.

म्हणाली, "चिन्नोर होय हे."

चिन्नोर म्हणजे आपला वासाचा धान. आपल्या तलावाखालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, होतो तो. मी हातात घेऊन पाहिलं. तणीस हिरवट होतं. वाकवलं तर मोडत नव्हतं. कापून एक दिवसही झाला नसेल, असं. समुद्रात भिजून, चार दिवस पिशवीत राहून.

मे महिना होता. आपल्या बांधीत ढेकळं होती. चिन्नोर कापून पाच महिने झाले होते.

मी तिला विचारलं, "तुले काय वाटते, पंचफुला?"

ती आत गेली आणि मोबाइल चार्जिंगला लावला.

दोरी त्या खुंटीवर आहे, तुझ्या डोक्यामागे. मान वळवू नको, भुपेंद्र. दीड वर्ष होत आलं. तणीस अजून पिवळं पडलं नाही. मघापासून वास येतोय ना... तोच.