मिटल्या तोंडाचा खर्ज

सिंहासन प्लायवूडचं आहे. मागून खिळे दिसतात.

*

माझी भाची गोष्ट ऐकताना राक्षसाची वाट बघते. राजकुमार आला की जांभई देते.

*

पेल्यातल्या पाण्याला आधी कळतं. कानाला नंतर.

*

वाऱ्याने धूळ उडते. तिच्या रेघा होत नाहीत.

*

“नोकरी त्याची जाईल. माझी अजून लागलीच नाही.”

*

हे सगळं खरं आहे.

कुणाला पटवायला लिहीत नाहीये. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं, माझं काही अडत नाही. रात्र नव्हती. वादळ नव्हतं. दिवे गेले नव्हते. सुट्टीनंतरचा पहिला सोमवार होता, सकाळ होती, आणि सराव-खोलीत पियानोवर छान ऊन पडलं होतं.

मी एका ऑपेरा नाट्यगृहात पियानो वाजवते. पूर्ण वाद्यवृंद महाग पडतो, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत गायक माझ्या पियानोवर सराव करतात. माझा मोठा भाऊ तिथेच गातो. बास. म्हणजे खर्जाचा आवाज. दादा चढायला लागला की जिना बोलतो. सगळे त्याला रणगाडा म्हणतात.

ज्यांनी कधी ऑपेरा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नायक-नायिका वरच्या आवाजात गातात. प्रेम करतात, रुसतात, मरतात, आणि मरता मरता सगळ्यात वरचा सूर लावतात. त्यांच्या मागे एक जण उभा असतो. तो बाप असतो, राजा असतो, नाहीतर सैतान. तो बास. पियानोच्या मधल्या ‘सा’च्या वर त्याला जेमतेम दोन-चार पट्ट्या मिळतात. खाली मात्र पावणेदोन सप्तकं.

टाळ्या वरच्या सुरांना पडतात. पण खालचा सूर लागला की कुणी खोकत नाही. तो खुर्चीच्या दांड्यातून येतो आणि बरगड्यांत शिरतो. वाटतं, कुणीतरी मोठं माणूस घरात आहे, आता काळजी नाही.

किंवा, कुणीतरी मोठं माणूस घरात आहे, आता आपली खैर नाही.

हा आवाज पिकायला चाळिशी उलटावी लागते. दादा पंधरा वर्षं कोरसमध्ये भाला धरून उभा राहिला. मग त्याला राजा मिळाला.

हा राजा शेवटच्या अंकात स्वतःच्या मुलीला शिक्षा सुनावतो. सगळी वाद्यं थांबतात. शेवटचा शब्द त्याने एकट्याने गायचा, खालच्या ‘रे’वर. तो ‘रे’ इतका खाली आहे की बहुतेक बास तिथपर्यंत पोचतच नाहीत. लोक त्या एका सुरासाठी तिकीट काढतात.

दादाचा हक्काचा तळ म्हणजे ‘ग’. एक पायरी वर. ‘रे’ त्याच्याकडे नव्हता.

यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडच्या बहुतेक राजांकडे तो नव्हता. त्यासाठी मामा होते.

मामा म्हणजे कोरसमधले एक म्हातारे. सिंहासनाच्या पुढ्यात, रंगमंचाच्या फळ्यांत एक चौकोनी झाकण आहे. ते उघडं ठेवायचं. मामा खाली उभे राहायचे. वर राजा तोंड उघडायचा, खाली मामा सूर लावायचे. किती राजे आले, किती गेले. पोस्टरवर मामांचं नाव कधी आलं नाही.

गेल्या वर्षी मामा वारले.

आमच्या वाद्यवृंद-संचालकांना पाठीमागे आम्ही काडीवाले म्हणतो, कारण वाद्यांना इशारे द्यायची हातातली काडी ते जेवतानाही सोडत नाहीत. त्या सोमवारी ते दादाला म्हणाले, “रणगाडे, आता खाली कुणी नाही. ‘रे’ लागला तर राजा पाच वर्षं तुमचा. नाही लागला तर बाहेरून माणूस आणतो.”

“बघतो, साहेब.”

“बघू नका. लावा.”

मी वाजवायला लागले. दादा गायला लागला. शेवटचा शब्द आला. मी हात उचलले, पाय मात्र तारा मोकळ्या ठेवणाऱ्या पेडलवरच राहिला.

दादाने तोंड उघडलं.

आणि...

पियानोवरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. मग माझ्या तळपायांना कळलं. मग ऐकू आलं.

‘रे’. रुंद, काळा, शांत. पियानोच्या तारा आपल्या आपण गुणगुणायला लागल्या.

काडीवाल्यांनी काडी खाली ठेवली. “इतकी वर्षं कुठे लपवला होता हा?”

दादा हसला नाही. जिन्यात त्याने माझा दंड धरला.

“तो मी नव्हतो.”

“म्हणजे?”

“माझ्या तोंडातून नुसती हवा गेली. फुस्स. तू एवढी जवळ होतीस, तुला कळलं नाही?”

“दादा, पंधरा वर्षांनी एक चांगला सूर लागला तर माणूस असा घाबरतो होय?”

“मला माझा आवाज ओळखू येतो गं. रोज त्याच्यासोबत दाढी करतो.”

मी हसले. माझं चुकलंच, पण हसले.

पुढच्या सरावाला नेमका त्या शब्दावर दादाला ठसका लागला. तो वाकून खोकत होता.

आणि...

सूर चालूच होता. खोकला आणि सूर, एकाच वेळी. बाकीचे आपापली पानं गोळा करत होते. मी मात्र दादाच्या तोंडाकडे बघत होते.

मग ‘ग’ गेला.

दादाचा स्वतःचा, हक्काचा ‘ग’. तो तोंड उघडायचा, ‘ग’ लागायचा, पण ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. त्यानंतर ‘म’ गेला. त्यानंतर ‘प’. एकेक पायरी करत कुणीतरी वर चढत होतं.

काडीवाले खूश. म्हणाले, “आवाज कसा उघडतोय बघा.”

रविवारी मी दादाकडे गेले होते. भाची त्याच्या मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती.

“बाबा, राक्षसाचा आवाज काढा ना.”

दादाने काढला. पातळ, फाटका.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “हा राक्षस नाहीये. हा राक्षसाचा कारकून आहे.”

वहिनी हसली आणि हसता हसता थांबली. “डॉक्टर काय म्हणाले?”

“गळा ठणठणीत आहे म्हणाले. बैलाला लाजवेल असा.”

“मग आवाज गेला कुठे?”

दादा खाली फरशीकडे बघत राहिला. पोरगी झोपल्यावर त्याने सगळं सांगितलं.

“पाच वर्षांचं काम आहे,” वहिनी शेवटी म्हणाली. “कुणी फुकट गाऊन देतंय तर गाऊ दे की. तू नुसतं तोंड उघडायचं.”

“आणि उद्या पोरीशी बोलायला? तेव्हाही त्यालाच बोलवू?”

वहिनी उठली, मुलीच्या अंगावरचं पांघरूण उगाचच सारखं करून आली. “नको,” म्हणाली. “मग काहीतरी कर. नुसता फरशीकडे बघत बसू नकोस.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं रंगमंचाखाली गेलो. भरदुपारी. वर सुतार हातोडी मारत होते, कुणीतरी डबा उघडत होतं. खाली दोऱ्या, कप्प्या, जुने पडदे. झाकणाच्या बरोबर खाली फळीला दोन खळगे पडले होते. पावलांचे. इतकी वर्षं एकच माणूस एकाच जागी उभा राहिला की लाकूडही दबतं.

बाकी काही नव्हतं. शेजारी एक उपडं खोकं, त्यावर वर्षभराची धूळ.

दादाने घसा साफ केला. “मामा, तुमच्यावर अन्याय झाला. मान्य. पण तो मी केलेला नाही. माझा आवाज मला परत द्या.”

वर हातोडी थांबली.

डब्याचा आवाजही थांबला.

आणि...

खोक्यावरची धूळ हलली. उडाली नाही. सरकली. मधून दोन्हीकडे गेली, आणि तिच्या बारीक समांतर रेघा झाल्या. ऐकू काहीच येत नव्हतं. पण माझ्या दाढा दुखायला लागल्या.

सूर चालू होता. आमच्या कानांच्या खाली.

मी जिन्याकडे पळाले, खोटं कशाला सांगू. दादा चालत आला. वर आल्यावर पायरीवर बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला.

“एका गळ्यातून एका वेळी एकच सूर निघतो,” तो म्हणाला. “जिवंत असो की मेलेला. बरोबर?”

“बरोबर.”

“शेवटच्या शब्दाला तो ‘रे’ धरून बसणार. मी गायलो काय, न गायलो काय, तो धरणारच. तेवढा वेळ माझा ‘ग’ मोकळा असेल.”

मला समजायला वेळ लागला. “अरे, ‘रे’ला ‘ग’ भिडवणार? त्या जागी? सगळी वाद्यं गप्प असताना?”

“हो.”

“किती घाण वाजेल ते.”

“वाजू दे.”

“दादा, नोकरी जाईल.”

“नोकरी त्याची जाईल. माझी अजून लागलीच नाही.”

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. वहिनी दुसऱ्या रांगेत. मी विंगेत, दादापासून चार हातांवर. तीन अंक तो तोंड उघडत होता आणि भलताच कुणी गात होता. लोक माना डोलावत होते. मला त्यांचा राग येत होता. मग राजाची मुलगी पायाशी बसली. वाद्यं थांबली.

दादा सिंहासनावरून उठला.

आणि त्याने तोंड मिटलं.

ओठ घट्ट आवळले. हात छातीवर बांधले. पुढच्या रांगांना स्वच्छ दिसत होतं. काडीवाल्यांची काडी हवेत तशीच राहिली.

तरीही...

‘रे’ लागला.

मुलीची भूमिका करणारी बाई त्याच्या अगदी समोर होती. तिने त्याच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि गुडघ्यांवरच मागे मागे सरकत गेली. पुढच्या रांगेत कुणीतरी अर्धवट उठून उभं राहिलं. खाली बसायचं विसरलं.

दादा दोन पावलं पुढे आला. झाकणाच्या थेट काठावर. छाती भरेपर्यंत श्वास घेतला.

आणि ‘ग’ लावला.

खरखरीत होता. मध्येच फाटला. पण त्याचा होता. मी तो आवाज लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकलाय, मला कुणी शिकवू नये.

इतक्या खाली दोन शेजारचे सूर भिडले की ते मिसळत नाहीत. एकमेकांवर घासतात. सगळं प्रेक्षागृह घरघरायला लागलं. झुंबराचे लोलक वाजले. लोकांनी कान झाकले, पण कान झाकून काय होतंय, तो खुर्च्यांमधून येत होता.

दादाच्या मानेच्या शिरा तटतटल्या. चेहरा जांभळा पडला. सोडेना.

खालचाही सोडेना.

आधी श्वास कोण घेतो, एवढंच उरलं होतं.

आणि मग...

खालून श्वास ऐकू आला.

लांब. ओला. म्हाताऱ्या माणसाने जिना चढून आल्यावर घ्यावा तसा.

सगळ्यांनी ऐकला. वहिनीने ऐकला. काडीवाल्यांनी ऐकला, नंतर ते काहीही म्हणोत. मेलेल्याला श्वास कशाला लागतो, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

‘रे’ थांबला.

‘ग’ एकटा उरला. दादाने तो हवा तेवढा धरला, आणि स्वतःच्या मर्जीने सोडला.

अर्ध्या लोकांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली. काहीजण टाळ्या वाजवत उभे राहिले, ते का, त्यांनाच ठाऊक. काडीवाले रंगभूषेच्या खोलीत आले, काडी न घेताच.

“उद्यापासून येऊ नका.”

“बरं,” दादा म्हणाला.

एवढंच. पण त्या ‘बरं’ने आरसा वाजला. वहिनी दारात उभी होती. तिने तोंडावर पदर... नाही, हाताचा तळवा धरला. रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

आता दादा छोट्या सभागृहांत गातो. बोलवायला आलेल्यांना आधीच सांगतो, “माझ्याकडे ‘रे’ नाही. ‘ग’पर्यंत आहे. चालत असेल तर सांगा.” चालतं लोकांना. भाचीला तिचा राक्षस परत मिळालाय. ती त्याला हल्ली मुद्दाम चिडवते.

मी मात्र अजून तिथेच वाजवते. का सोडू? ती जागा माझीही आहे. झाकणावर आता फळ्या ठोकल्यात. बाहेरून नवा राजा आलाय, त्याच्याकडे स्वतःचा ‘रे’ आहे म्हणे. मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही.

पण सरावाला पेडल दाबलं की तारा अजून गुणगुणतात. खोलीत कुणी गात नसतानाही.

आणि हल्ली...

गुणगुणते ती ‘रे’ची तार नाही. त्याच्याही खालची. ‘सा’ची.

मामा या नाट्यगृहात लागले तेव्हा नायकाच्या भूमिका करायचे. आवाज वरच्या पट्टीतला होता. खर्ज त्यांना इथे आल्यावर लागला. कुणाचा, ते कधी कुणी विचारलं नाही.