दिव्यासाठी उचललेला हात

खोटं कशाला सांगू? म्हणजे एरवी सांगतो मी पुष्कळदा, पण या गोष्टीत फार नाही.

ते ऑफिस इतकं मोठं होतं की एकदा एक माणूस प्रिंटरवरचा कागद आणायला गेला, तो परत आला तेव्हा त्याला दाढी आली होती आणि त्याच्या खुर्चीतल्या नव्या माणसाला बढती मिळाली होती. एका मजल्यावर चारशे खण. राखाडी पार्टिशनं. बसलं की आपण आणि आपला कॉम्प्युटर. उभं राहिलं की वाफ्यात लावलेल्या कोबीसारखी नुसती डोकी. मी तिथला वायरमन. माझा निम्मा जन्म शिडीवर आणि छताच्या पोकळीत गेला. वरून माणसं फार खरी दिसतात हो. वर कोणी आहे हे त्यांच्या गावीही नसतं ना!

तर तिथे दर सहा खणांवर एक सेन्सर होता. खाली दहा मिनिटं काही हललं नाही की त्या सहा खणांचे दिवे बंद. बोटं कीबोर्डवर कितीही नाचू देत, त्याला ते हलणं वाटत नसे. हात चांगला डोक्यावर नेऊन हलवावा लागे. गजबजलेल्या भागात हे कुणाला ठाऊकही नव्हतं. पण मागच्या भिंतीकडच्या सहा खणांत एक मुलगी एकटीच उरली होती. दोघं नोकरी सोडून गेले, तिघांना वरच्या मजल्यावर हलवलं. मागे राहिलं जुन्या महिन्यावर थांबलेलं एक कॅलेंडर आणि ‘जगातली सर्वात छान ताई’ असं लिहिलेला कुणाचा तरी मग.

तिचं काम तक्रारींना उत्तरं लिहायचं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत’ हे वाक्य दिवसाला साठ वेळा. मजल्यावर तिला सगळे ‘दिलगीर’ म्हणाले असते... कुणी तिच्याबद्दल बोललं असतं तर.

रोज दुपारी डबा उघडला की आईचा फोन यायचा.

“जेवलीस का गं?”

“जेवतेय.”

“कोणाबरोबर?”

“सगळ्यांबरोबर!” असं म्हणून ती मगाकडे बघायची.

एका सकाळी पावणेअकराला दिवा गेला. तिनं मान वर न करताच हात उचलला, हलवला. दिवा आला. आणि पार तिकडे, चाळीस खणांपलीकडे, खिडकीच्या रांगेत... एक हात वर झाला. हलला. खाली गेला.

तिनं मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

तो हात होता मशिनांची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्याचा. ‘सूचना एक : आधी प्लग काढा’ वगैरे लिहितो ना कोणीतरी, तोच तो. खिडकीच्या रांगेला तेवढा सेन्सर नव्हता आणि तिथल्या लख्ख उन्हात इतक्या लांबचा दिवा गेला-आला कळायचा नाही. बिचाऱ्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला हात करतंय!

आता तिनं काय करायला हवं होतं? उठून जायचं, म्हणायचं, “अहो, तो दिव्यासाठी होता.” संपलं. पण दोन वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी हात केला होता. ती गप्प बसली. नुसती गप्प नाही, दिवा लवकर जावा म्हणून पुतळ्यासारखी बसायला लागली! एकदा तर तिच्या खांद्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. नखांना रंगही लावला तिनं. आता चाळीस खणांवरून नखं दिसायला दुर्बीण लागते... पण लावला.

महिन्याभरानं दोघं पाण्याच्या मशिनपाशी समोरासमोर आली. मी बाजूच्याच खांबाचा बोर्ड उघडून बसलो होतो.

“तुम्ही... मागची भिंत?” तो म्हणाला.

“कसं ओळखलंत?”

“हातावरून. दुसरं काही दिसतच नाही ना तुमचं. आज पहिल्यांदाच बाकीच्या तुम्हाला पाहतोय... म्हणजे तसं नाही—”

“कशी आहे मग बाकीची?”

“हाताला शोभेलशी,” तो म्हणाला आणि त्याचा ग्लास भरून पाणी बुटांवर सांडलं.

ती हसली. तोही हसला. मग बूट झटकत हळूच म्हणाला, “एक सांगू? इथे लागलो तेव्हा पहिले दोन महिने मी संध्याकाळी कॉम्प्युटरलाच ‘येतो’ म्हणून निघायचो. मग तुम्ही हात केलात. ओळख ना पाळख, आपणहून! असं कोण करतं हो?”

तिनं आपला ग्लास मशिनखाली धरला.

“असंच,” ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात मी शिडी घेऊन तिच्या खणात उभा.

“काका, कशाला?”

“तुमचीच तक्रार आहे, ताई. दिवा सारखा जातो म्हणून. आठ महिने झाले.” तक्रार तीन टेबलांवरून माझ्यापर्यंत चालत आली होती. “नवा सेन्सर बसवतोय. आता माणूस नुसता श्वास घेत असला तरी दिवा जायचा नाही.”

“नको ना काका. आहे तोच बरा.”

“खाली सही तुमचीच आहे.”

मग शिडीची खालची पायरी धरून तिनं मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, “सांगून टाक की त्याला.” ती एकदम ‘ताई’ची ‘तू’ झाली होती.

“सांगितलं तर तो हात जाईल, काका.”

आमचे साहेब खाली घड्याळ बघत उभे होते. मी सेन्सर बसवला.

दुसऱ्या दिवशी पावणेअकरा झाले. दिवा ढिम्म हलला नाही. तीही. आता हात उचलायला कारणच उरलं नव्हतं. उचलला असता तर तो खरा झाला असता. आणि खरा हात उचलायला फार बळ लागतं हो. पलीकडून त्याचा हात वर आला. थांबला. खाली गेला. बाराला पुन्हा. एकला पुन्हा.

दीड वाजता तो स्वतःच आला. “बरं नाही का?”

“तो हात तुमच्यासाठी नव्हता,” ती एका दमात म्हणाली. “दिवा जायचा. हात हलवला की यायचा. पहिल्या दिवशी. मग नंतर...”

‘नंतर’ त्यानं ऐकलंच नाही. त्याचे कान लाल झाले.

“म्हणजे महिनाभर मी... दिव्याला केलेल्या हाताला...?”

ती इतकी घाबरली की तोंडातून सवयीचंच निघालं, “आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून—”

“आम्ही?” तो म्हणाला. आणि निघून गेला.

छताची एक चौकोनी पाटी थोडी सरकवून मी वरून बघत होतो. तिनं डबा काढला, न उघडताच बाजूला सारला. डोक्यावर दिवा लख्ख. मग तिनं हात उचलला. पूर्ण, कोपरापासून सरळ. आणि खाली घेतलाच नाही. लोक पार्टिशनांवरून डोकावू लागले. कुणी विचारलं, “काही शंका आहे का?” तिनं मान हलवली. हात अवघडला तसा दुसऱ्या हातानं धरला. शपथेवर सांगतो, सतरा मिनिटं! खिडकीच्या रांगेतून एकही हात वर आला नाही.

येणार कुठून? दोन्ही हातांनी तो आपली चाकांची खुर्ची ढकलत येत होता. खुर्चीत त्याचा डबा.

“हात खाली घ्या. दिवा चालू आहे.”

“माहीत आहे.”

“मग कुणाला करताय?”

“तुम्हाला.”

“आम्हाला?”

“तुम्हाला. एकट्याला,” ती म्हणाली, आणि तिचा हात आपोआप खाली आला... त्याच्या खुर्चीच्या पाठीवर.

त्यानं खुर्ची शेजारच्या रिकाम्या खणात सरकवली. जुनं कॅलेंडर चालू महिन्यापर्यंत उलटलं. तेवढ्यात फोन वाजला.

“जेवलीस का गं?”

“बसतेच आहे.”

“कोणाबरोबर?”

तिनं मगाकडे बघितलं नाही.

“एकाबरोबर, आई.”

दोन वर्षं ‘सगळ्यांबरोबर’ ऐकून ज्या माऊलीनं एकदाही विश्वास ठेवला नव्हता, ती पलीकडून म्हणाली,

“अगं, मग फोन कशाला उचललास? ठेव!”