मदरबोर्ड बदलला त्या दुपारी

मी हणमंतप्पा, भालकीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. २००९ सालच्या उन्हाळ्यात हळ्ळीखेडहून सिद्धव्वा आली आणि डॉक्टरला न्यावं तसं मला घाईघाईने घरी घेऊन गेली. तिच्या लेकीचं, सुधारानीचं मशीन मधेच बंद पडायचं.

सुधारानी जन्मापासून आंधळी. मठातल्या प्रवचनांच्या कॅसेटी ऐकून ती टाइप करायची आणि कॉम्प्युटरमधला एका बाईचा सपाट आवाज स्क्रीनवरचं सगळं तिला वाचून दाखवायचा. तो मराठी आवाज तिच्या भावाने पुण्यातल्या एका संस्थेतून बसवून आणला होता. पुढे संस्था बंद पडली आणि सीडीही हरवली.

"अण्णा, विंडोज नवी टाकू नका बगा," ती म्हणाली. "आवाज गेला तर माझं काम गेलं. मग नुसतं बसून खायचं."

मी मशीन उघडलं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर टम्म फुगले होते. बोर्ड बदलण्यावाचून इलाज नव्हता, आणि परका बोर्ड दिसला की विंडोज बहुधा निळी पाटी दाखवून अडून बसतं. त्याला उपाय आहे. जुना बोर्ड धुगधुगतोय तोवरच हार्ड डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, बदलून साधा, कुठेही चालणारा घालायचा, मशीन बंद करायचं आणि मग बोर्ड काढायचा. झोपलेलं पोर उचलून दुसऱ्या घरात निजवायचं, पण जागं होऊ द्यायचं नाही, तसं हे काम. यात माझा हातखंडा होता आणि त्याची फुशारकी मारायला मी कधी लाजलो नाही.

नवा बोर्ड म्हणजे कोळारच्या एका गोदामातून भंगारात आलेला, पण तपासून घेतलेला. तो बसवला, बटण दाबलं. निळी पाटी आली नाही. मी स्वतःचीच पाठ थोपटली आणि साउंडचा ड्रायव्हर घालायला पिशवीत सीडी शोधू लागलो.

"पंखा. बंद," स्पीकर म्हणाला.

"आला की आवाज!" सुधारानी टाळी वाजवून हसली.

ड्रायव्हर नसताना तो येणं शक्य नव्हतं. मी चष्मा सावरून स्क्रीनवर पाहिलं. तिथे पंखा वगैरे काही लिहिलेलं नव्हतं. छताचा पंखा मात्र खरंच बंद होता.

"तांब्या. उजवीकडे."

सुधारानीने उजवीकडे हात नेला. न चाचपडता तांब्या उचलला आणि पाणी प्याली. मी तो हळूच उचलून पलीकडे ठेवला.

"तांब्या. डावीकडे."

भूतखेत मी मानत नाही. एखादी वायर चुकली असेल म्हणून मी पुन्हा सगळ्या वायरी पाहिल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या.

"सिद्धव्वा. दारात. रडते आहे."

मी वळलो. सिद्धव्वा तोंडात पदर कोंबून उभी होती. हुंदक्याचासुद्धा आवाज नव्हता.

"अव्वा, कामून रडायलीस?"

सिद्धव्वा मटकन खाली बसली. "लहानपणापासून तुला कळू दिलं न्हाई गं मी," ती म्हणाली.

सुधारानी उठली, सरळ दाराशी गेली आणि आईचे डोळे पुसले. मलाही भरून आलं. पण भीती काही गेली नव्हती.

"सुधा, मी सगळं पुसून नवं टाकतो. आवाज कुठून तरी आणून देईन."

"न्हाई अण्णा. घरात कोण काय करायलंय, ते पहिल्यांदाच कळायलंय मला. हात लावू नका."

तिने प्रवचनाची एक ओळ टाइप केली. आवाजाने ती बिनचूक वाचली. तिचं काम वाचलं होतं. मी पिशवी उचलून निघालो.

फाट्यावर बसची वाट पाहत असताना फोन वाजला.

"अण्णा, तुम्ही गेलाव न्हाई का अजून?" सुधारानी.

"मी फाट्यावर हाय. का गं?"

"आवाज म्हणायलाय, हणमंतप्पा. खुर्चीवर. चष्मा पुसतो आहे."

मी मागे वळून हळ्ळीखेडच्या वाटेकडे पाहिलं.

"असू द्या," ती मजेत म्हणाली. "अव्वा उद्यापासून शेतात जाणार. तेवढीच सोबत मला."

फोन मी मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरला होता. कारण एका हातात चष्मा होता आणि दुसऱ्यात सदऱ्याचं टोक.